फॅन स्लो केला की येणारा घूंऽऽ आवाज आम्ही कसा घालवला

फॅन फुल्लवर असताना एकदम गप्प आणि रेग्युलेटर फिरवून जरा हळू केला की मोटरमधनं घूंऽऽ चालू, हे ज्यांच्या घरात होतंय त्यांनी फॅन उतरवून रिवायंडिंगला (मोटरच्या आतली तार, म्हणजे वायंडिंग, नव्यानं गुंडाळायला) द्यायच्या आधी हे वाचा, कारण आमच्याकडं तेच होणार होतं आणि फॅनला काहीच झालेलं नव्हतं.

आम्ही बेळगावात वडगावला राहतो. आजूबाजूला दिवसभर माग चालू, त्यामुळे दिवसा फॅनचा आवाज कुणाच्या ध्यानातच येत नाही, पण रात्री माग बंद झाले की तोच आवाज एवढा मोठा वाटतो की झोप लागत नाही. आणि आमच्या गावात फॅन फुल्लवर कोण लावतंय? एप्रिल-मे मधले काही दिवस सोडले तर बेळगावची रात्र गारच असते, गाव समुद्रसपाटीपासनं साधारण अडीच हजार फुटांवर आहे, त्यामुळे फॅन एक नाहीतर दोनवर ठेवायचा आणि अंगावर चादर घ्यायची ही इथली पद्धत. पावसाळ्यात तर कपडेच वाळत नाहीत, मग खोलीत दोरी बांधायची, ओले कपडे टाकायचे आणि फॅन रात्रभर स्लोवर सोडायचा. म्हणजे हा आवाज जिथं सगळ्यात जास्त येतो नेमक्या त्याच स्पीडवर आमचे फॅन वर्षभर चालतात. म्हणून मला वाटतं पुण्या-मुंबईपेक्षा हा त्रास आपल्या भागात जास्त जाणवत असणार.

आमच्या माडीवरच्या खोलीत मामा (माझे सासरे) झोपतात. तिथला फॅन जुना, ४८ इंची, चांगला जड लोखंडी मोटरचा. त्याला भिंतीवर जुना मोठा डबा रेग्युलेटर होता, आत वायरीच्या गुंडाळ्या असलेला. घराचं वायरिंग नवीन केलं तेव्हा जुने काळे बोर्ड काढून सगळीकडं मॉड्युलर बोर्ड बसवले आणि डबा जाऊन तिथं छोटा गोल डिमर आला, एकाच मॉड्युलचा (म्हणजे बोर्डात एका बटणाएवढी जागा घेणारा), सलग फिरणारा, मधे कुठं खटका नाही. दिसायला छान. त्याच रात्री मामांनी खाली येऊन सांगितलं की फॅन ओरडतोय.

वायरमनना बोलावलं. चांगले आहेत, आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्यांनीच केलीत. त्यांनी डिमर मागंपुढं फिरवून बघितला, खाली उभं राहून ऐकलं आणि म्हणाले, "वैनी, ह्याचं वायंडिंग गेलंय बघा. उतरवून द्या, करून आणतो. नाहीतर बेअरिंग तरी गेलंय." मामा खाटेवर बसूनच म्हणाले, "अहो, डबा होता तवा कुठं आवाज येत होता? फॅन त्योच हाय की." वायरमन म्हणाले जुना फॅन आहे, कधीतरी जाणारच. पण मला मामांचं म्हणणं पटलं. फॅन तोच, हुक तोच, करंट तोच, बदललं काय तर फक्त भिंतीवरचा डिमर. मग फॅन उतरवायचं मी थांबवलं आणि खानापूरला बहिणीकडं फोन लावला, तिचा मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला आहे.

भाच्यानं फोनवरच एक गोष्ट करायला सांगितली आणि ती इतकी सोपी आहे की कुणीही करू शकतं. "मावशी, फॅन आवाज करायला लागला की बटण बंद कर आणि आवाज कधी थांबतोय ते ऐक." बटण बंद केलं तरी पाती काही वेळ फिरत राहतात. त्या फिरण्यात खरखर, टकटक किंवा घासल्याचा आवाज येतच राहिला तर तो बेअरिंगचा नाहीतर पात्यांचा, म्हणजे यांत्रिक दोष. आणि बटण बंद केल्या क्षणी घूं गायब आणि पाती मात्र शांतपणे फिरतायत, तर तो आवाज करंटमुळे येतोय. आमच्याकडं बटण दाबलं की आवाज जागच्या जागी थांबायचा. बेअरिंग चांगलं होतं हे तिथंच कळलं. त्यावर मी डिमर हळूहळू फिरवत ऐकत बसले. एकदम कमीवर थोडा आवाज, तिथनं मधे येईपर्यंत वाढत जाणारा, मग फुल्लकडं जाताना कमी होत होत शेवटी काहीच नाही. वायंडिंग जळलेलं असतं तर फुल्लवर गप्प कसं राहिलं असतं, हा प्रश्न मला त्यानंतर सारखा पडत होता.

दुसरी खूण मामांच्या रेडिओनं दिली. मामांना सकाळी धारवाड नाहीतर सांगली आकाशवाणी लागते, मिडीयम वेव्हवर. नवीन डिमर बसल्यापासनं फॅन स्लो असला की रेडिओत खर्रर असा आवाज यायचा आणि फॅन फुल्ल केला नाहीतर बंद केला की रेडिओ स्वच्छ. मामांना वाटत होतं रेडिओ जुना झाला. मी हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, झालं मावशी, डिमरमधे ट्रायॅक आहे, म्हणजे करंट भराभर चालू-बंद करणारा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग, तोच हे दोन्ही करतोय.

आता हे ट्रायॅक प्रकरण मला जसं समजलं तसं सांगते, कारण हे समजलं नाही तर दुकानात जाऊन पुन्हा तसलाच डिमर घेऊन याल. आपल्या घरातला करंट २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० वेळा वर-खाली होणारी गुळगुळीत लाट. ह्या लाटेमुळे मोटरच्या आतलं लोखंड आणि वायंडिंग तसंही सेकंदाला १०० वेळा बारीक थरथरतंच, पण ती थरथर इतकी मऊ असते की कानाला जाणवत नाही. डिमर काय करतो, तर फॅन हळू करायला प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा तुकडा कापून टाकतो. ट्रायॅक थोडा वेळ बंद राहतो आणि मग अचानक चालू होतो, हे सेकंदाला १०० वेळा. त्या अचानक चालू होण्यानं मोटरला झटका बसतो आणि मूळच्या ५० बरोबर १५०, २५०, ३५० अशा वरच्या फ्रिक्वेन्सी पण करंटमधे घुसतात. त्यावर मोटरमधले लोखंडी पत्रे, वायंडिंग, मोटरचं कव्हर सगळं थरथरायला लागतं. जातं एका लयीत ओढलं तर नुसती घरघर, पण तेच प्रत्येक फेरीला खुंट्याला हिसका देऊन फिरवलं तर फेऱ्या तेवढ्याच होतील आणि जातं मात्र हादरत राहील, तसं हे. लाट मधोमध, म्हणजे सगळ्यात उंचीवर असताना कापली तर झटका सगळ्यात मोठा, म्हणूनच डिमर मधे असताना आवाज जास्त आणि फुल्लवर लाट जवळजवळ पूर्ण मिळते म्हणून गप्प. रेडिओतली खरखर पण ह्याच झटक्यांची.

हे खरंच असंच आहे का ह्याची खात्री मला खानापुरात झाली. पावसात त्या बाजूला झाडं लाईनवर पडतात, करंट जातो, त्यामुळे इन्व्हर्टर घरोघरी. बहिणीकडं जुना स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर आहे. मी होते तेव्हा करंट गेला आणि घरातले सगळे फॅन एकदम घूं करायला लागले, रेग्युलेटर फुल्लवर असलेले सुद्धा. करंट आला तसे सगळे गप्प. तेच फॅन, तीच खोली, फक्त इन्व्हर्टरची लाट गोल नाही, कोपऱ्या-कोपऱ्यांची. ज्यांच्याकडं फक्त इन्व्हर्टरवरच फॅन आवाज करतो त्यांनी रेग्युलेटरच्या मागं लागू नये, त्यांना साईन वेव्हवाला (गुळगुळीत लाटेचा) इन्व्हर्टर लागेल.

भाचा सुट्टीत आला तेव्हा मीटर घेऊनच आला. वायरमनना पण बोलावलं, दोघांनी मिळून बघितलं, मला ते बरं वाटलं कारण वायरमननाही वाईट वाटायला नको होतं. आधी मेनचा एमसीबी पाडून, टेस्टरनं करंट नाही हे बघून, डिमर मधनं काढून दोन वायरी थेट जोडल्या. फॅन डायरेक्ट चालवला, चकार आवाज नाही. वायरमन स्वतःच म्हणाले, "खरं हाय वैनी, फॅन चांगला हाय." मग फॅनचा कंडेन्सर (ह्यालाच कपॅसिटर पण म्हणतात) तपासला. त्याच्यावर २.५ मायक्रोफॅरड लिहिलेलं, मीटरवर दोनच्याही खाली दाखवलं. तो बदलला, किरकोळ पैशात येतो. हा बदलल्यावर फुल्लवरचा वारा स्पष्ट वाढला, पण डिमर परत जोडून स्लो केला तर घूं तसाच. म्हणून सांगते, कंडेन्सर कमजोर असला की फॅनला जोर राहत नाही, काही वेळा हातानं ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, त्यासाठी तो बदलायलाच पायजे, पण डिमरचा आवाज त्यानं जात नाही. बरेच लोक फक्त कंडेन्सर बदलून देतात आणि सांगतात आता बघा, तर तसं नसतंय. आणि कंडेन्सरला हात लावताना मेन बंद करून पण लगेच त्याच्या वायरी धरू नका, त्यात करंट साठून राहतो, भाच्यानं आधी तो डिस्चार्ज करून मगच काढला.

मग रेग्युलेटर आणायला खडेबाजारला गेलो. दुकानदारानं आधी पुन्हा तसलाच गोल डिमर पुढं केला, हा चालतो सगळ्यांकडं म्हणून. भाच्यानं सांगितलं कपॅसिटरवाला स्टेप रेग्युलेटर द्या. तो वेगळा येतो. फिरवताना खट् खट् असे टप्पे लागतात, बंद आणि पुढं चार नाहीतर पाच नंबर. ह्याच्या आत लाट कापायचं काम नाही, आत वेगवेगळ्या किमतीचे कपॅसिटर असतात आणि नंबर बदलला की त्यातला एक किंवा दोन मिळून फॅनच्या सिरीजमधे, म्हणजे फॅनकडं जाणाऱ्या करंटच्या वाटेत, येतात. त्यामुळे फॅनला मिळणारं व्होल्टेज कमी होतं पण लाट गुळगुळीतच राहते. शेवटच्या नंबरला फॅन थेट लाईनवर. पण नुसत्या खटक्यावर जाऊ नका, काही रेग्युलेटरना टप्पे असतात आणि आत ट्रायॅकच असतो, तेव्हा खोक्यावर कपॅसिटर टाईप किंवा हम-फ्री (घूं न करणारा) लिहिलंय का ते वाचा, नाहीतर सरळ दुकानदाराला विचारा. डिमरपेक्षा महाग पडतो, पण रिवायंडिंगच्या खर्चापुढं काहीच नाही.

अजून एक, लाईटचा डिमर आणि फॅनचा डिमर वेगळे असतात आणि दिसायला सारखेच. लाईटचा डिमर फॅनला जोडला तर आवाज तर येतोच पण मोटरसारख्या लोडवर त्यातला ट्रायॅक नीट चालू-बंद होत नाही, वरची अर्धी लाट एक आणि खालची वेगळी असं झालं की मोटर गरम व्हायला लागते. वास येईपर्यंत गेलेली प्रकरणं वायरमननी बघितलीत. बटणावर नाहीतर मागच्या बाजूला बल्बचं चित्र आहे की पंख्याचं हे बघून घ्या.

बसवताना एक अडचण आली जी आधी ध्यानात आली नव्हती. जुना डिमर एका मॉड्युलचा आणि हा स्टेपवाला दोन मॉड्युलचा. आमच्या बोर्डात शेजारी एक ब्लँक (रिकाम्या जागेवरचं झाकण) होता म्हणून तो काढून जागा झाली, तुमच्याकडं ब्लँक नसेल तर एखादं न लागणारं बटण काढावं लागेल किंवा प्लेट मोठी घ्यावी लागेल, तेव्हा बाजारात जायच्या आधी बोर्डात किती जागा आहे ते मोजून जा आणि कंपनी पण बघून जा, एका कंपनीचं मॉड्युल दुसऱ्याच्या प्लेटमधे बरेचदा बसत नाही. जोडणी सोपी, दोनच वायरी, फेजच्या वायरीवर बटणाच्या पुढं रेग्युलेटर आणि तिथनं फॅनकडं. तरी माझं म्हणणं, घरच्यांनी स्वतः करू नये, वायरमनकडनंच करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

चालू केला. तीन, दोन, एक, सगळीकडं बघितलं. तो मोठा घूं गेला, रेडिओ पण स्वच्छ झाला. मामांनी रेडिओ लावून स्वतः नंबर बदलून बघितलं.

पण रात्री एकवर अगदी बारीक गुणगुण उरली होती, खाटेवर पडल्यावर ऐकू येणारी. ही मोटरची नेहमीची थरथर, पण ती वरच्या लाकडात उतरत होती. आमची माडी जुन्या पद्धतीची, सागवानी तुळया आणि वर फळ्या, हुक तुळईलाच. असल्या घरात मोटर जे काही थरथरते ते सगळं लाकूड मोठं करून ऐकवतं. स्लॅबच्या घरात हे कमी असेल पण असतं. वायरमननी वरचा कप (हुक झाकणारं वाटीसारखं झाकण) खाली सरकवला तर हुकाला अडकवायच्या शॅकलमधला रबरी बुश कडक होऊन चिरलेला, लोखंडावर लोखंड टेकलेलं. नवीन रबर घातलं, बोल्टची कॉटर पिन पण नवीन घातली (ती पिन विसरून चालत नाही, फॅन त्याच्यावर लटकतोय), पात्यांचे आणि रॉडचे स्क्रू आवळले आणि कप परत लावताना तो वर लाकडाला टेकणार नाही असा थोडा खाली ठेवला, कारण आधी तो टेकलेला होता आणि तिथनं पण आवाज जात होता. एवढं केल्यावर ती गुणगुण पण गेली. हे काम मी कुणालाही आधी करायला सांगणार नाही, आधी रेग्युलेटर, मग उरलं तर हे.

मामांचं म्हणणं होतं जुना डबाच परत लावू. तो अजून माळ्यावर होता आणि त्यात आवाज नव्हता हे खरंच आहे, कारण डब्यात पण लाट कापली जात नाही, नुसता रेझिस्टन्स घातलेला असतो. पण फॅनला न दिलेलं व्होल्टेज तो डबा स्वतः गरम होऊन जाळतो, म्हणून जुने डबे हाताला चटका देतात. फॅन रात्रभर स्लो चालणार असेल तर रात्रभर तो तापत राहणार, लाकडी माडीत ते मला नको वाटलं. कर्नाटकात २०२३ पासनं गृहज्योतीत (सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत) ठरलेल्या मर्यादेपर्यंत, जास्तीत जास्त २०० युनिट, बिल येत नाही म्हणून लोक म्हणतात जळू दे की थोडं, पण मला बिलापेक्षा त्या तापण्याची काळजी होती. मामांना हात लावून दाखवलं, मग त्यांनी हट्ट सोडला.

खालच्या हॉलमधे मात्र आम्ही बीएलडीसी फॅन (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारा, कमी वीज खाणारा) घेतला, तिथला जुना खरंच गेलेला होता. हा ३० वॉटच्या आसपास खातो, जुना ७५ पर्यंत खायचा, आणि एकवर चालू आहे की नाही हे वर बघून कळतं इतका शांत. पण त्याचा स्पीड त्याच्या आतलं सर्किट आणि रिमोट ठरवतं, त्याला भिंतीवरचा कुठलाच रेग्युलेटर जोडायचा नाही, ना डिमर ना स्टेप. हॉलच्या बोर्डातला डिमर काढून तिथं ब्लँक लावायला सांगितलं, नाहीतर पाहुणे आलेली पोरं फिरवतात आणि ते सर्किट खराब होतं. मामांना रिमोट नको होता, अंधारात सापडत नाही म्हणतात, म्हणून त्यांच्या खोलीत जुना फॅन आणि खटक्याचा रेग्युलेटर हेच बरोबर बसलं.

आता वायरमन आमच्या गल्लीत नवीन बोर्ड करताना आधीच विचारतात, फॅन स्लोवर चालवता काय, मग स्टेपवाला घ्या. कपॅसिटरवाल्याची एकच गोष्ट ध्यानात ठेवायची, पुढं कधीतरी एखाद्या नंबरला फॅन फिरेनासा झाला किंवा दोन आणि तीन सारखेच लागायला लागले आणि शेवटच्या नंबरला मात्र चांगला पळतोय, तर आतला एखादा कपॅसिटर गेला म्हणून समजायचं. तेव्हा पण फॅनला हात लावायची गरज नाही, फक्त रेग्युलेटर बदलायचा.